लोकांचा आनंद आणि त्याचा हिशेब

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

थोरामोठ्यांच्या चरित्रांतून काय शिकावे, हा प्रश्न आपल्याकडे शाळेतच सोडवून ठेवलेला असतो. कष्ट करावेत, यश मिळाले तर नम्र राहावे, व्यसनापासून चार हात दूर असावे. आणि ज्याने हे पाळले नाही त्याची काय गत झाली ते पाहून आपण शहाणे व्हावे. चरित्र कोणाचेही असो, खाली तात्पर्य हेच. ब्राझीलचा फुटबॉलपटू गॅरिंचा याचे आयुष्य या साच्यात इतके नेमके बसते की त्याच्याविषयी कोणाला वेगळा विचार करावासाच वाटत नाही. मला वाटला, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोल्हापूरकरांना फुटबॉल मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नाही. तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी आणि विश्वचषक आला की पेठापेठांतून फडकणारे ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे, हे सारे आपण पाहतोच. पेले, मॅराडोना, मेस्सी ही नावे इथल्या लहान पोरालाही पाठ असतात. गॅरिंचाचे नाव मात्र थोड्या जाणत्या माणसांनाच ठाऊक असते आणि तेही साधारण एकच वाक्य बोलतात : "पेलेच्या तोडीचा होता, पण दारूने वाया गेला." अख्खे आयुष्य या एका वाक्यात आटोपते. त्या वाक्यातील 'दारू' खरी आहे. माझी तक्रार आहे ती त्यातील 'पण' या शब्दाविषयी. तो 'पण' एकट्या गॅरिंचाच्या नावावर लिहून बाकीचे सगळे मोकळे होतात.

त्याचे खरे नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म 1933 चा, रिओ द जानेरो राज्यातील पाऊ ग्रांदे या गावचा. गाव कसले, कापडगिरणीभोवती वसलेली वस्तीच ती. घरे गिरणीची, मैदान गिरणीचे, फुटबॉलचा संघही गिरणीचाच. वडील गिरणीतच पहाऱ्यावर होते आणि दारूत बुडालेले होते. पोरगा अंगाने लहानखुरा. म्हणून बहिणीने त्याला 'गॅरिंचा' हे एका चिमुकल्या पाखराचे नाव दिले आणि तेच पुढे जगभर झाले. त्याचे दोन्ही पाय जन्मापासून वाकडे होते, एक आत वळलेला, दुसरा बाहेर, आणि एक दुसऱ्याहून सुमारे सहा सेंटीमीटर आखूड. चौदाव्या वर्षी तो गिरणीत कामाला लागला. कामात लक्ष नाही म्हणून त्याला काढूनही टाकले होते. परंतु गिरणीच्या संघाला तो हवा होता, म्हणून पुन्हा घेतले. हा प्रसंग लहान असला तरी त्यात त्याचे पुढचे सारे आयुष्य आहे असे मला वाटते. माणूस नको होता, त्याचे पाय हवे होते.

1953 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो रिओच्या बोटाफोगो क्लबात चाचणीसाठी गेला. एकोणीस म्हणजे आज माझे जे वय आहे ते. समोर बचावाला निल्टन सांतोस, म्हणजे ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातला गडी. या खेड्यातल्या पोराने त्याच्या दोन पायांमधून चेंडू काढला असे सांगतात. निल्टन सांतोस रागावला नाही. याला आधी आपल्याकडे घ्या, नाहीतर उद्या मला याच्याविरुद्ध खेळावे लागेल, अशा अर्थाचे तो अधिकाऱ्यांना म्हणाला. बोटाफोगोकडून पहिल्याच अधिकृत सामन्यात गॅरिंचाने तीन गोल केले. पुढे बारा वर्षे तो त्या क्लबाकडे राहिला आणि 1957, 1961 आणि 1962 या तीन साली रिओचे अजिंक्यपद त्यांना मिळाले.

त्याच्या खेळाची गंमत अशी की त्यात गुपित असे काही नव्हते. तो उजव्या बगलेवर उभा राही. चेंडू पायाशी घेऊन थांबे. समोरचा बचावपटूही थांबे. मग गॅरिंचाचे अंग एकीकडे झुके, चेंडू जागचा हलत नसे. पुन्हा झुके, पुन्हा चेंडू तिथेच. आणि अखेर तो उजवीकडून, बाहेरच्या बाजूने निसटून जाई. तो बहुतेक वेळा उजवीकडूनच जाणार हे प्रतिस्पर्ध्याला ठाऊक असे, प्रेक्षकांना ठाऊक असे, आणि तरीही तो जाईच. बैलांच्या झुंजीत 'ओले' असा जो पुकारा करतात तो फुटबॉलच्या मैदानावर पहिल्यांदा त्याच्यासाठी झाला असे मानतात. 1958 साली मेक्सिकोत अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट क्लबाशी बोटाफोगोचा सामना होता, तेव्हाची ही गोष्ट. ब्राझीलच्या लोकांनी त्याला 'लोकांचा आनंद' म्हटले. 1963 साली त्याच्यावर जो चित्रपट आला त्याच्याही नावात हेच शब्द आहेत.

1958 चा विश्वचषक स्वीडनमध्ये झाला. तिथे जाण्यापूर्वी संघाच्या मानसशास्त्रज्ञाने खेळाडूंच्या लेखी चाचण्या घेतल्या. गॅरिंचाला इतके कमी गुण पडले की तेवढ्यावर त्याला साओ पाउलोत बस चालवायची नोकरीदेखील मिळाली नसती, असे सांगतात. सतरा वर्षांच्या पेलेविषयीही त्या तज्ज्ञाचे मत प्रतिकूल होते. शिवाय इटलीतील एका सराव सामन्यात गॅरिंचाने गोलरक्षकासकट सर्वांना चकवून, मोकळा गोल समोर असताना, मागून धावत येणाऱ्या बचावपटूची वाट पाहिली, त्याला पुन्हा चकवले आणि मग चेंडू आत ढकलला. व्यवस्थापनाला हा पोरकटपणा रुचला नाही. पहिल्या दोन सामन्यांत तो बाहेर बसला.

तिसरा सामना सोव्हिएत रशियाशी होता. तारीख 15 जून, गाव गोटेनबर्ग. रशियन खेळाडू शास्त्रशुद्ध तयारीबद्दल नावाजलेले; गोलात साक्षात लेव्ह याशिन. त्या दिवशी पेले आणि गॅरिंचा विश्वचषकात पहिल्यांदा उतरले. पहिल्याच मिनिटात गॅरिंचाचा फटका खांबाला लागला. पाठोपाठ पेलेचा फटका असाच हुकला. तिसऱ्या मिनिटाला वावाने गोल केला. फुटबॉलच्या इतिहासातील सर्वोत्तम तीन मिनिटे असे त्यांचे वर्णन एका फ्रेंच पत्रकाराने केले आहे. ब्राझीलने तो सामना 2-0 असा जिंकला. पुढे अंतिम सामन्यात स्वीडनने आधी गोल चढवला, तेव्हा गॅरिंचाच उजव्या बगलेवरून दोनदा आत घुसला, दोन्ही वेळा चेंडू वावाच्या पायाशी टाकला आणि सामना फिरला. 5-2. ब्राझीलचा तो पहिला विश्वचषक.

चार वर्षांनी चिलीत दुसऱ्याच सामन्यात पेले जायबंदी झाला आणि संघाचा भार गॅरिंचावर आला. उपान्त्यपूर्व फेरीत त्याने इंग्लंडवर दोन गोल केले, त्यांतला एक चक्क डोक्याने. उपान्त्य फेरीत यजमान चिलीवर आणखी दोन. त्या सामन्यात सतत लाथा खाऊन तो वैतागला, त्याने एकाला उलट लाथ मारली आणि पंचाने त्याला बाहेर काढले. बाहेर पडताना गर्दीतून भिरकावलेली वस्तू डोक्यात बसून रक्त आले. नियमाप्रमाणे अंतिम सामना हुकायचा. पण देशाच्या पंतप्रधानांपासून सर्वांनी त्याच्यासाठी रदबदली केली आणि त्याला परवानगी मिळाली. अंगात ताप असताना तो खेळला. चेकोस्लोव्हाकियाचा 3-1 असा पराभव झाला. स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे चार-चार गोल करणारे सहा जण होते, त्यांत तो एक.

एवढ्यावर त्याची थोरवी पटायला हरकत नाही. आणखी एकच गोष्ट सांगतो. पेले आणि गॅरिंचा दोघेही मैदानात असताना ब्राझील एकही सामना हरला नाही. आणि गॅरिंचा एकटा धरला तर देशासाठी खेळलेल्या पन्नास अधिकृत सामन्यांत त्याने पराभव पाहिला तो एकदाच, 1966 साली हंगेरीकडून, आणि तो त्याचा अखेरचा सामना होता.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो.

गॅरिंचाविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात दोन प्रकारची माणसे दिसतात. एक नीतिमार्गी. त्यांच्या मते हे दारूचे दुष्परिणाम होत. दुसरे प्रेमळ. त्यांना तो भोळा, निरागस, देवमाणूस वाटतो. त्याच्या भोळेपणाच्या गोष्टी हे लोक रंगवून सांगतात. विश्वचषक जिंकल्यावर 'झाली एवढ्यात स्पर्धा?' असे त्याने विचारले म्हणे. स्वीडनमध्ये घेतलेला रेडिओ, तो फक्त स्वीडिश बोलतो असे कोणीतरी पटवून दिल्यामुळे त्याने स्वस्तात विकून टाकला म्हणे. आपल्याला पकडायला आलेल्या प्रत्येक बचावपटूला तो 'जोआओ' याच एका नावाने ओळखे म्हणे. पत्रकार रुय कास्त्रो यांनी 1995 साली त्याचे सविस्तर चरित्र लिहिले. अशांपैकी बऱ्याच गोष्टी वर्तमानपत्री कारागिरी होती असे त्यांनी दाखवून दिले आहे.

मला विचाराल तर नीतिमार्गी माणसांपेक्षा ही प्रेमळ माणसे जास्त अवघड. कारण गरिबाच्या पोराला 'भोळा' म्हटले की त्याचा हिशेब ठेवायची गरज उरत नाही. 'ईश्वरी देणगी' म्हटले की त्यामागची मेहनत दिसत नाही. आणि देणगीचे मोल कोणी कोणाला द्यायचे? पाखरू गाते, त्याला आपण मजुरी देतो काय?

हिशेब मात्र चालू होता. फक्त तो दुसऱ्याच्या वहीत होता. बोटाफोगोचे करार गॅरिंचा कोरे असतानाच सही करून देई. रक्कम मागाहून भरली जाई. क्लबाला जे वाटे ते त्याला मिळे. क्लब परदेशांचे दौरे करी आणि गॅरिंचा खेळणार असेल तर सामन्याचे मोल वाढे. कास्त्रो लिहितात की काही हितचिंतकांनी पुढे त्याच्या घरी जाऊन पैशांची चौकशी केली, तेव्हा कुठे गादीखाली, कुठे कपाटामागे नोटा तशाच पडून कुजलेल्या सापडल्या. हे वाचून हसू येते. मग वाटते, हसण्यासारखे यात काय आहे? ज्या घरात कधी शिल्लकच नव्हती, तिथे शिल्लक कुठे ठेवतात हे कोणी कोणाला शिकवणार?

आणि समजा, तो हुशार असता, त्याने करार वाचून पाहिला असता, तर काय झाले असते? फार काही नाही. त्या काळी ब्राझीलमध्ये 'पासे' नावाची पद्धत होती. खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरचा हक्क क्लबकडेच राही. क्लबाने सोडल्याशिवाय किंवा विकल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. म्हणजे सालगड्याचे साल संपले, तरी मालकाने चिठ्ठी दिल्याशिवाय त्याने दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवायचा नाही, असा प्रकार. ही पद्धत मोडणारा कायदा ब्राझीलमध्ये झाला तो 1998 साली. त्याला 'पेले कायदा' म्हणतात, कारण त्याआधी क्रीडामंत्री असलेल्या पेलेने तो रेटला होता. गॅरिंचाला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.

सर्वांत मोठा हिशेब त्याच्या गुडघ्यांचा आहे. वाकड्या पायांवर वर्षानुवर्षे तसल्या झोकांड्या देऊन त्याचे गुडघे झिजले. दुखू लागले की सुई टोचायची आणि मैदानात उतरवायचे, हा शिरस्ता झाला. विश्रांती परवडत नव्हती, त्याला नव्हे, क्लबाला. शस्त्रक्रिया झाली ती 1964 साली, आणि तोवर बराच उशीर झाला होता. 1966 साली बोटाफोगोने त्याला कॉरिंथियन्सला विकले. त्यानंतर थोडे दिवस फ्लामेंगो, शेवटी 1972 साली ओलारिया नावाचा लहानसा क्लब. गिरणीत यंत्र जुने झाले की ते भंगारात जाते. पण ते कोणी आधी फुकट वापरलेले नसते. यंत्रावर घसारा धरतात. गॅरिंचाच्या गुडघ्यांचा घसारा कोणत्याच खात्यावर पडला नाही.

इथे थोडे घरचे सांगितल्यावाचून राहवत नाही. माझे वडील यंत्रमागावर कामगार आहेत. त्यांची शाळा चौथीपर्यंत झाली. मी सहावीत असताना बहिणीच्या लग्नासाठी त्यांनी मालकाकडून उचल घेतली आणि एका कोऱ्या कागदावर सही करून दिली. किती फेडली, किती राहिली, हे त्यांना कधीच कळले नाही. दर दिवाळीला मालक सांगेल तो आकडा. दोन वर्षांनी मी तो हिशेब पाटीवर मांडायचा प्रयत्न केला, तेव्हा आई म्हणाली, "गप बस, मोठ्या माणसांना असं विचारू नये." माझे वडील दारूला शिवत नाहीत. ते कोणत्याही अर्थाने 'वाया गेलेले' नाहीत. तरीही त्यांची गोष्ट आणि गॅरिंचाची गोष्ट या एका जागी सारखीच निघाली, आणि म्हणूनच दारूचे तात्पर्य मला पुरेसे वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, "पेलेही गरिबाचाच पोरगा. तो कसा सावरला?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. पेलेमध्ये शिस्त होती, जिद्द होती, हे मान्यच. परंतु पेलेचे वडील स्वतः फुटबॉल खेळलेले होते. या धंद्याचे खाचखळगे त्या घराला ठाऊक होते. आणि त्यालाही काही कोणी सोडले नाही. ज्याच्यावर त्याने व्यवहार सोपवला होता त्याने त्याला कर्जात लोटले. पेले त्यातून उभा राहिला, कारण त्याचे पाय तेव्हा शाबूत होते आणि पुढली कितीतरी वर्षे कमाईची होती. शंभरांतला एक जण पूर ओलांडून पलीकडे गेला म्हणून नदीवर पूल नको, असे कोणी म्हणत नाही. किंबहुना पलीकडे गेलेल्यानेच पुढे पूल बांधायचे मनावर घेतले, हे वर सांगितलेच आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वाकिलीच करायची म्हणून मी गॅरिंचाचे सारे गुन्हे पोटात घालणार नाही. गिरणीतली सोबतीण नाईर हिच्याशी त्याचे लग्न झाले होते, तिच्यापासून त्याला आठ मुली झाल्या, आणि त्यांना मागे टाकून तो गेला. 1969 साली दारू पिऊन गाडी चालवताना अपघात झाला. त्यात त्याच्या दुसऱ्या पत्नीची आई मरण पावली. हे दोष ना क्लबाचे, ना 'पासे'चे. हे त्याचेच. अन्याय झालेला माणूस दुसऱ्यावर अन्याय करीत नाही असे थोडेच आहे? उलट आपल्या भोवतालीही आपण हेच पाहतो, की मालकापुढे मान खाली घालणारा घरी येऊन बायकोवर हात उगारतो. त्याची कीव करावी, पण बायकोच्या पाठीवरचा वळ विसरू नये.

ही दुसरी पत्नी म्हणजे गायिका एल्झा सोआरेस. तिच्याविषयी एक परिच्छेद तरी लिहायलाच हवा, कारण या कहाणीत सर्वांत जास्त शिव्या तिने खाल्ल्या. रिओच्या झोपडवस्तीत वाढलेली, कोवळ्या वयात लग्न लावून दिलेली ही मुलगी. रेडिओवरच्या गाण्याच्या स्पर्धेत तिचे ठिगळांचे कपडे पाहून सूत्रधाराने 'तू कोणत्या ग्रहावरून आलीस?' असे विचारले, तेव्हा 'तुमच्याच ग्रहावरून, भुकेच्या,' असे उत्तर तिने दिले होते. गॅरिंचा तिच्याबरोबर राहू लागला तेव्हा लोकांनी त्याला कमी आणि तिला जास्त दोष दिला. घर फोडणारी, खेळाडू बिघडवणारी, पैशावर डोळा ठेवणारी. वास्तविक त्या वेळी कमावती तीच होती. त्याची दारू सुटावी म्हणून तिने जंगजंग पछाडले, मारही खाल्ला, आणि 1977 साली ती वेगळी झाली. देशाचा लाडका खेळाडू बुडत होता तेव्हा देशाला दोषी म्हणून सापडली ती एक काळी, गरीब, गाणारी बाई. क्लबाचे पदाधिकारी कोणाला आठवले नाहीत. एल्झा गात राहिली, नव्वदीपर्यंत. 20 जानेवारी 2022 रोजी ती गेली. गॅरिंचा गेला तीही 20 जानेवारीच, साल 1983.

त्याच्या शेवटाविषयी फार लिहीत नाही. 19 डिसेंबर 1973 ला मारकाना स्टेडियमवर त्याच्यासाठी निरोपाचा सामना झाला, सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक आले. 1980 च्या कार्निव्हलात मांगेइरा सांबा मंडळाने त्याला रथावर बसवून मिरवले, तेव्हा तो आपण कुठे आहोत याची जाणीव नसल्यासारखा बसून होता. यकृत निकामी होऊन तो गेला तेव्हा वय पन्नासही नव्हते. मारकानावर हजारोंनी दर्शन घेतले, अग्निशामक दलाच्या गाडीवरून त्याचा देह पाऊ ग्रांदेकडे नेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती.

आणि आता दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. ब्राझीलच्या राजधानीतील स्टेडियमला गॅरिंचाचे नाव आहे. 2014 च्या विश्वचषकासाठी ते नव्याने उभारले. त्या स्पर्धेसाठी बांधलेल्या स्टेडियमांत ते सर्वांत महागडे ठरले. आणि 2017 साली जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली की ज्या दफनभूमीत गॅरिंचाला पुरले तिथे त्याचे अवशेष नेमके कुठे आहेत, हे आता कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. नावासाठी जागा आहे, हाडांचा पत्ता नाही! जिवंतपणी पाय हवे होते, माणूस नको होता. मेल्यावर नाव हवे आहे, माणूस नकोच आहे.

मित्रहो, ब्राझील पुष्कळ लांब आहे आणि तिथल्या क्लबांना जाब विचारणे तुमच्या-माझ्या हाती नाही. परंतु गॅरिंचाच्या भोवती शिकलेली माणसे कमी नव्हती. मानसशास्त्रज्ञ होता, त्याने त्याची बुद्धी मोजली. डॉक्टर होते, त्यांनी सुया टोचल्या. पत्रकार होते, त्यांनी गमतीच्या गोष्टी रचल्या. वकील, हिशेबनीस, मंत्री सगळे होते. एवढ्या साऱ्या लिहित्या-वाचत्या माणसांत, सही करण्यापूर्वी तो कागद त्याला वाचून दाखवणारा एकही वेळेवर निघाला नाही. त्याचे शिक्षण झाले नव्हते, हे दुर्दैव. भोवतालच्यांचे झाले होते, ही शरमेची गोष्ट.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. 'शिकून काय करणार?' असे मला घरी, गल्लीत, एसटीत सगळीकडे विचारतात आणि नोकरी हे उत्तर मलाही अजून धड देता येत नाही. पण एक उत्तर मात्र मला सापडले आहे. शिकलेल्या माणसाने निदान आपल्या माणसांचे कागद वाचावेत. शेजाऱ्याचे कर्जाचे, मावशीचे गॅसचे, वडिलांचे उचलीचे.

आणि आपल्या महाविद्यालयापुरते एक सुचवतो. याच अंकात आपल्या संघांची छायाचित्रे आहेत, ढाली आहेत, अभिनंदन आहे. त्या छायाचित्रांत उभ्या असलेल्या मुलांपैकी किती जण पहाटे मैदानावर आणि रात्री दुसऱ्या पाळीत असतात? गुडघा दुखावला तर उपचाराचा खर्च कोण करते? बाहेरच्या संघाने खेळायला बोलावले, नोकरीचे आश्वासन दिले, कागदावर सही घेतली, तर तो कागद कोण पाहते? कोणी वाणिज्यचे दोन विद्यार्थी, एखादे प्राध्यापक, आठवड्यातून एक तास, क्रीडा विभागाच्या खोलीत एक टेबल : एवढेच पुरे. ज्याला कागद दाखवायचा आहे त्याने यावे, संकोच न करता. त्याला भांडवल लागत नाही, समारंभ लागत नाही, उद्घाटक तर मुळीच लागत नाही. लागतात ती दोन वाचता येणारी माणसे. तसा मी एक आहे. माझे नाव आजच लिहून घ्यावे.

टाळ्या वाजवायला आपण कधीच कमी पडलो नाही. ज्याच्या खेळाने आपल्याला आनंद होतो त्याचे आपण देणे लागतो, आणि ते देणे टाळ्यांनी फिटत नाही, एवढेच मला म्हणायचे होते.